भुवयांना सुट्टी

"कोणाच्या बापाला कळणार नाही!" तोफेने आरशातल्या स्वतःला बजावलं.

आरसा बाथरूममधला, कडी आतून लावलेली आणि दाराबाहेर नवरा खांद्यावर टॉवेल टाकून तिष्ठत उभा. त्यामुळे ही गर्जना तिला कुजबुजीतच उरकावी लागली. पण निश्चय पक्का होता. जे करायचं ते रोज करायचं, घरीदारी, कचेरीत, मैदानावर, माणसांच्या डोळ्यांदेखत करायचं आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही! कोणाला म्हणजे नवऱ्याला, सासूबाईंना, साहेबांना आणि सबंध संघाला. यांच्यापैकी एकालाही कळलं असतं तर धरणी दुभंगून पोटात घेईपर्यंत थांबायचीसुद्धा तोफेची तयारी नव्हती. तिने स्वतःच खणायला घेतलं असतं.

आता ही तोफ कोण, ते आधी सांगायला हवं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या महिला व्हॉलीबॉल संघाची ती स्मॅशर. तिने उडी घेऊन हात फिरवला की चेंडू पलीकडच्या जमिनीवर असा आदळायचा की प्रेक्षकांत आईच्या मांडीवर झोपलेलं तान्हं दचकून उठायचं. म्हणून नाव पडलं तोफ. खेळाडू म्हणून तिला नोकरी मिळाली आणि कार्यालयाने तिला बसवलं कुठे? पाण्याच्या गळतीच्या तक्रारी घ्यायच्या खिडकीवर! नियतीला विनोदाची आवड आहे, पण तिची अभिरुची जरा खालच्या पातळीवरचीच.

कारण तोफेची स्वतःचीच एक तक्रार होती आणि ती नोंदवायला खिडकी नव्हती. उंच उडी घेतली की लघवीचे दोन-चार थेंब. जोरदार स्मॅश मारला की मग दोन-चारांवर भागायचं नाही. दोन वर्षं हे असं चाललेलं. काळी शॉर्ट्स, आत पॅड, पिशवीत दुसरी काळी शॉर्ट्स. टाइम-आउट झाला की बाकीच्या कोचबाईंभोवती जमायच्या आणि ही बाथरूमकडे पळायची. सामन्याच्या दिवशी तर पाण्याचा घोटही घ्यायची नाही. पाणीपुरवठ्यातली बाई, ओठ कोरडे ठण्ण!

खेळ सोडून द्यावा असं कितीदा मनात आलं. पण उडीच्या टोकाला, चेंडू समोर आणि नेट खाली, असा जो एक क्षण असतो ना, तो तिला सोडवेना. त्या क्षणात ती कोणाची सून नसायची, कोणाची कारकून नसायची. फक्त तेवढ्यात खाली उतरावं लागायचं आणि उतरताना घोटाळा व्हायचा. जगात हे असं फक्त आपल्यालाच होतं, अशी तिची पक्की समजूत होती.

तरीही ती अशीच निभावून नेत राहिली असती. पण साहेबांनी मीटिंग बोलावली.

साहेबांच्या मीटिंगची एक रीत होती. दर थोड्या वेळाने ते "महत्त्वाचा फोन आलाय" म्हणून लगबगीने बाहेर जायचे आणि जरा वेळाने प्रसन्न चेहऱ्याने परत यायचे. त्या दिवशीही एक फोन आटोपून ते आले आणि म्हणाले, "आनंदाची बातमी! या वर्षी आपल्या संघाला प्रायोजक मिळालाय. कपडे धुण्याच्या पावडरीचा कारखाना! अंतिम सामन्यात पोहोचलो तर नवे कपडे. पांढरा टी-शर्ट, पांढरी शॉर्ट्स. पांढरंशुभ्र! एक डाग दिसता कामा नये. डाग दिसला तर पावडर बदनाम!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोफेने पण वाजवल्या. पण तिचा चेहरा मात्र त्या शॉर्ट्सपेक्षा पांढरा पडला होता.

अंतिम सामना तीन महिन्यांवर होता. तोवर हे थांबलं नाही तर आपण खेळ सोडायचा, असं तिने त्या रात्री ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून सांगून फिजिओबाई गाठल्या.

फिजिओबाईंनी गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. "गुडघा ठणठणीत आहे. आता खरं काय ते सांगा."

तोफेने छताकडे बघत, भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत, शेवटी स्वतःच्या चपलेकडे बघत सांगितलं.

"बरं," फिजिओबाई म्हणाल्या. जणू हिने सर्दी झाल्याचं सांगितलं होतं! "खेळणाऱ्या मुलींमध्ये हे पुष्कळ बघते मी. उड्या मारणाऱ्यांत तर फारच."

"मग कोणी बोलत कसं नाही?"

"तुम्ही बोललात का इतके दिवस?"

तोफेने पुन्हा चपलेकडे पाहिलं.

फिजिओबाईंनी समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. उडी मारून आदळलं की सगळा भार त्या झोळीवर. झोळी वेळेवर आवळली गेली नाही की थेंब निसटतात. "तर ती आवळायला शिकायचं. लघवी आणि वारा, दोन्ही एकदम रोखायचं असेल तर जे आवळाल ना, तेच. आत ओढायचं, वर ओढायचं, धरायचं. मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं! श्वास चालू ठेवायचा. मांड्या, ढुंगण, पोट, यांना सुट्टी. आणि उडी मारायच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं. रोज करा. दोन-तीन महिन्यांत फरक पडेल. आणि पाणी प्या हो, वाळवंट झालंय तुमचं!"

"आणि हे करताना कोणाला कळणार नाही ना?"

"बसल्या जागी करा, बसमध्ये करा, मीटिंगमध्ये करा. कोणाला कळायचं कारणच नाही. करून बघा बरं."

तोफेने केलं. फिजिओबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"भुवया."

"काय?"

"आवळलंत की तुमच्या भुवया वर जातात. त्यांचं यात काही काम नाही. भुवयांनाही सुट्टी."

"हॅ! भुवयांकडे कोण बघतंय!" तोफ म्हणाली.

कोण बघतंय? अहो, सगळं गाव बघत होतं!

सुरुवात घरातून झाली. जेवताना पहिला घास तोंडात घालायचा आणि आवळायला सुरुवात करायची, असा तोफेने नेम धरला. म्हणजे विसर पडायला नको. घास तोंडात, नजर समोरच्या भिंतीवर आणि भुवया सरसर कपाळावर! समोर सासूबाई. त्यांनी सुनेची ती मुद्रा पाहिली आणि हळूच भाजी चाखली.

"मीठ जास्त झालंय का गं?"

आवळलेलं असताना बोलायचं कसं, हे तोफेला अजून जमलं नव्हतं. तिने नुसतीच मान हलवली. ती नाही म्हणाली की हो म्हणाली, हे सासूबाईंना कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ कमी केलं. भुवया वर! तिसऱ्या दिवशी आणखी कमी केलं. भुवया तिथेच! आठवडाभरात भाजीची चव उकळलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली आणि सगळं घर एकमेकांना न बोलता ती गिळू लागलं. सासूबाई मनात म्हणायच्या, सुनेला बरं वाटत असेल तर खाऊ अळणी. सून मनात म्हणायची, आईंना डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं दिसतंय, विचारून कशाला दुखवायचं?

नवऱ्याने तर निराळाच अर्थ काढला. ओट्याशी उभी असताना तोफेने भुवया चढवून खरकट्या भांड्यांकडे रोखून पाहिलं, तेव्हा त्याने मुकाट्याने बाह्या सरसावल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण पठ्ठ्याने घासणी पहिल्यांदा हातात धरली. तोफ चकित झाली. व्यायामाचे असेही फायदे असतात, हे फिजिओबाईंनी सांगितलं नव्हतं.

कार्यालयात मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं.

झालं असं की खिडकीवर एक जाडजूड गृहस्थ आला. "आमच्याकडे पाण्याला जोरच नाही! तुमचा नळ कुठेतरी गळतोय!" म्हणून त्याने तोंडाचा पट्टा सोडला. तोफेची व्यायामाची वेळ झाली होती. त्याचं भाषण संपेपर्यंत एक फेरी होईल, अशा हिशेबाने तिने आवळलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. भुवया वर, ओठ मिटलेले, पापणी लवत नाही.

गृहस्थाचा आवाज जरा खाली आला. "म्हणजे... गळत असेल, असं आपलं मला वाटतं."

तोफेने धरून ठेवलं.

"तसा सकाळी येतो म्हणा जोर थोडा."

तोफेने अजून धरून ठेवलं. आता तिचं कपाळ लालसर व्हायला लागलं.

"बाई, असं बघू नका हो! लावलीय! नळाला थेट मोटार लावलीय मी! शेजाऱ्यानेही लावलीय! आम्ही दोघांनी मिळूनच आणली!" त्याने खिशातून रुमाल काढला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

तोफेने तेव्हा सोडलं, भुवया खाली आल्या आणि लांब सुस्कारा बाहेर पडला. तो सुस्कारा ऐकून त्याने तिसऱ्या घराचंही नाव सांगून टाकलं.

दुपारपर्यंत ही बातमी साहेबांच्या केबिनमध्ये. "मॅडम, तुमच्यात एवढी ताकद आहे आणि आम्ही तुम्हाला खिडकीवर बसवलंय!" चोरून मोटार लावल्याचा संशय असलेले लोक दुसऱ्या दिवसापासून एकेक करून तिच्यासमोर बसायला लागले. तिने काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं! त्यातल्या एकाने तर मोटारीबरोबरच शेजाऱ्याच्या कुंड्या चोरल्याचंही कबूल केलं. साहेब मीटिंगमध्ये तिला शेजारी बसवून घेऊ लागले. फक्त तिची नजर त्यांच्याकडे वळली की ते चुळबुळायचे आणि त्यांना लगेच महत्त्वाचा फोन यायचा. फोन बिचारा टेबलावरच पडलेला असायचा, पण साहेबांना विचारणार कोण?

एवढं वजन वाढल्यावर तोफेला वाटलं, आता ते पांढऱ्या शॉर्ट्सचं बोलावं. हिय्या करून ती केबिनमध्ये शिरली.

"सर, ती शॉर्ट्स... काळी नाही का चालणार?"

"काळी? का बरं?"

आता यावर काय सांगायचं! त्यात नेमकी तिला शिंक येऊ घातली. शिंक म्हणजे धोका! तिने झटकन आवळलं. भुवया थेट केसांपर्यंत!

साहेब पांढरे पडले. "बसा, बसा ना मॅडम. हे बघा, पावडरवाला माझा मेव्हणा आहे, हे खरं आहे. पण त्यात वावगं काही नाही हो! घरून रोज टोमणे असतात, माझ्या भावासाठी तुम्ही काही करत नाही म्हणून. माणसाने काय करायचं?" त्यांनी हात जोडले. "आता शॉर्ट्स बदलली तर मला घरात घेणार नाहीत. एवढं पोटात ठेवा."

शिंक आली तशी परत गेली. तोफ साहेबांचं गुपित घेऊन बाहेर पडली, तिचं स्वतःचं होतंच. शॉर्ट्स पांढरीच राहिली.

राहता राहिलं मैदान.

संघात दोन माणसं महत्त्वाची. एक कोचबाई. गेल्या पिढीतल्या नावाजलेल्या खेळाडू, पण शिट्टी अशी हळू वाजवायच्या की शेजारची चिमणीही उडू नये. स्वभाव मवाळ म्हणून शिट्टी मवाळ, असं सगळ्यांनी धरलं होतं. दुसरी बुटकी. ही संघाची सेटर, म्हणजे चेंडू उचलून कोणाला द्यायचा ते ठरवणारी. तिला एकच अभिमान होता: "सेटरला स्मॅशरचं तोंड वाचता आलं पाहिजे. बोलायची गरजच नाही!"

त्या दिवशी सरावात तोफ मागच्या रांगेत उभी होती. चेंडू तिच्याकडे येण्याची सुतराम शक्यता नाही, म्हणून तिने निवांतपणे आवळलं. बुटकीने मागे वळून तिच्या भुवया वाचल्या. "कळलं!" म्हणाली आणि चेंडू सणकन मागे पाठवला. तो तोफेच्या नाकावर बसला.

"अगं, मागितलास आणि घेतला नाहीस?"

"मी कधी मागितला?"

"भुवई उडवलीस की! मला काय दिसत नाही?"

तोफेने तोंड उघडलं. नाही म्हणावं तर भुवया का उडाल्या ते सांगावं लागणार. "हो... उडवली खरी," ती नाक चोळत म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून भुवई हा संघाचा गुप्त इशारा ठरला. आणि गंमत म्हणजे तो लागू पडला! फिजिओबाईंच्या सांगण्याप्रमाणे तोफ उडी घ्यायच्या आधी आवळायची, आवळलं की भुवया वर, भुवया वर की बुटकीकडून चेंडू हजर! चेंडू आणि उडी यांचं असं जमायला लागलं की समोरच्यांना ब्लॉक करायला हात वर करायची फुरसत मिळेना. एकामागून एक सामने जिंकले. कोचबाई हरखून हळूच शिट्टी वाजवायच्या.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झोळी ऐकायला लागली होती! दुसरा महिना संपता संपता एका सामन्यानंतर तोफेने बाथरूममध्ये जाऊन पाहिलं तर पॅड कोरडं. तिने पुन्हा पाहिलं. कोरडं! दोन वर्षांत पहिल्यांदा ती घटाघटा बाटलीभर पाणी प्यायली आणि तिथेच, बेसिनला धरून, थोडी रडली. पण आवळायला विसरली की जुनं दुखणं हजर व्हायचं. भुवयाही जागच्या जागी राहायला शिकल्या नव्हत्या.

अंतिम सामना आला. समोर वीज कार्यालयाचा संघ. पाणी आणि वीज, यांचं कधी जमलंय? हॉल भरलेला. पहिल्या रांगेत साहेब आणि त्यांचा मेव्हणा. संघाच्या बाकामागे सासूबाई, शेजारी भांडी घासून हात खरखरीत झालेला नवरा. आणि मैदानावर सहा पांढऱ्याशुभ्र शॉर्ट्स.

पहिलाच चेंडू. तोफेने आवळलं, भुवया वर, बुटकीने चेंडू दिला. एवढ्यात पलीकडून त्यांची कॅप्टन ओरडली, "भुवई!"

तिघीजणी एकदम तोफेसमोर उडाल्या. चेंडू त्यांच्या हातांवर आपटून परत आला.

पुन्हा तेच. "भुवई!" आणि समोर हातांची भिंत! वीजवाल्या उपांत्य सामना बघायला येऊन बसल्या होत्या आणि त्यांनी तोफेचं कपाळ तोंडपाठ करून टाकलं होतं. सेट गेला. दुसरा कसाबसा इतरांच्या जोरावर काढला. शेवटच्या सेटमध्ये पाणी मागे पडायला लागलं.

तोफेने एकदा ठरवलं, नाही आवळायचं. भुवया खाली ठेवून तिने उडी घेतली. पण भुवई नाही म्हणून बुटकीने चेंडू दुसरीकडेच दिला, तो नेटमध्ये गेला आणि खाली उतरताना तोफेला तो जुना, ओळखीचा ओलसर इशारा मिळाला. अगदी थेंबभर. पॅडने सांभाळून घेतलं, पण पुढच्या उडीचं काय? आवळावं तर भिंत उभी, न आवळावं तर हॉलभर शोभा! इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे पाणीच.

कोचबाईंनी टाइम-आउट घेतला. सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या. तोफ बाथरूमकडे निघाली आणि दोन पावलांवर थांबली. परत वळली.

"भुवयांचा आणि चेंडूचा काही संबंध नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" बुटकीने विचारलं.

"मी आवळते."

"काय आवळतेस?"

"खालचं गं!" तोफेचा आवाज फाटला. "उडी मारली की मला लघवी होते. दोन वर्षं झाली. ती होऊ नये म्हणून उडीच्या आधी आवळते. आवळलं की या मेल्या भुवया वर जातात. इशारा नाही, बिशारा नाही! आता हसा सगळ्या."

कोणी हसलं नाही. तोफेला वाटलं, संपलं. खेळ संपला, संघ संपला, उद्यापासून खिडकीवर तोंड कसं दाखवायचं?

"तुला पण?" बुटकी म्हणाली.

"पण म्हणजे?"

"अगं, मी दर सामन्याला पॅड लावते! मला वाटलं, फक्त मलाच."

"मी दोन लावते," शिडी म्हणाली. शिडी म्हणजे संघातली सर्वांत उंच मुलगी. लग्न व्हायचं होतं, वय वीस. "आईला सांगितलं तर ती म्हणाली, उड्या मारणं सोड."

एकेक करून सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी कोचबाईंनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. "पोरींनो, मी शिट्टी हळू का वाजवते, वाटलं तुम्हाला? जोरात फुंकली की..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती!

इतक्यात बाकामागून सासूबाईंचा आवाज आला. "अगं बये! म्हणजे मीठ बरोबर होतं?"

"बरोबर होतं हो, आई!"

"तीन महिने अळणी गिळतेय गं मी! एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला?"

त्यावर मात्र सगळ्या हसल्या, आणि अशा हसल्या की दोघी-तिघींना लगेच पाय जुळवून उभं राहावं लागलं. तोफेच्या छातीवरचा दोन वर्षांचा धोंडा उतरला. तिला एकदम हलकं वाटलं, उडीच्या टोकाला वाटायचं तसं, पण पाय जमिनीवर असताना.

बुटकीच्या डोळ्यांत चमक आली. "आवळायचं कसं ते पटकन सांग. वेळ नाही."

"लघवी आणि वारा, दोन्ही एकदम रोखायचं. आत आणि वर. श्वास सोडू नका. म्हणजे, चालू ठेवा!"

सगळ्यांनी केलं. बाराच्या बारा भुवया वर गेल्या! कोचबाईंच्या गेल्या, सासूबाईंच्याही गेल्या. बुटकीने सगळ्यांच्या कपाळांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "आता ओळखू दे त्यांना, चेंडू कोणाला ते!"

शिट्टी झाली. सर्व्हिस आली. शिडीने चेंडू उचलला आणि पाण्याच्या सहाही जणींनी एकदम भुवया चढवल्या.

"भुवई!" पलीकडची कॅप्टन ओरडली. मग तिचा आवाज चिरकला. "कोणती भुवई? अगं, सगळ्यांच्याच—"

एक इकडे उडाली, एक तिकडे उडाली, तिसरी दोघींकडे बघत जमिनीवरच राहिली. बुटकीने चेंडू तोफेला दिला. समोर भिंत नाही. तोफेने जो फटका हाणला, त्याने प्रेक्षकांतलं तान्हं उठलंच, पण साहेबांचा मेव्हणाही उठून उभा राहिला. पुढचा पॉइंट शिडीने मारला, त्याच्या पुढचा पुन्हा तोफेने. वीजवाल्यांचा जो फ्यूज उडाला तो काही परत बसला नाही. पाणी जिंकलं!

आणि मग जे व्हायचं तेच झालं. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून नाचायला, उड्या मारायला लागल्या. चेंडू मारायच्या उडीआधी आवळायचं, हे टाइम-आउटमध्ये शिकवून झालं होतं. आनंदाच्या उडीआधीही आवळायचं असतं, हे सांगायला वेळ कुठे होता? तोफेची झोळी तीन महिने मुरलेली, ती न सांगता आवळली. बाकीच्यांची शिकवणी जेमतेम तीन पॉइंटांची. एकेक जण उडी मारता मारता मध्येच थांबली, खाली बघायला लागली आणि बाकाकडे जॅकेट आणायला धावली.

बक्षीस घ्यायला संघ उभा राहिला तेव्हा पाचजणींच्या कमरेला जॅकेटं बांधलेली होती. तोफ एकटी कोरडी ठणठणीत. तिची शॉर्ट्स पांढरीशुभ्र, पावडरीच्या जाहिरातीत शोभेल अशी! याच क्षणासाठी तिने तीन महिने जिवाचं रान केलं होतं. तिने रांगेकडे पाहिलं. शिडी खाली मान घालून जॅकेटची गाठ घट्ट करत होती.

तोफ बाकाकडे गेली, आपलं जॅकेट घेतलं आणि कमरेला बांधून शिडीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

साहेब धावत आले. "अहो, जॅकेटं काढा! फोटो आहे! शॉर्ट्स दिसली पाहिजे, पावडरवाले थांबलेत!"

तोफेने साहेबांकडे बघितलं. आणि या वेळी मात्र अगदी जाणूनबुजून, सावकाश, मनापासून आवळलं.

"राहू दे, राहू दे!" साहेब घाईघाईने म्हणाले. "जॅकेटमध्ये उठून दिसताय सगळ्या!" आणि तिच्या नजरेतून सुटावं म्हणून रांगेच्या टोकाला जाऊन ताठ उभे राहिले.

सोमवारी सगळा संघ फिजिओबाईंकडे हजर झाला, कोचबाईंसकट. तोफेने मोठ्या अभिमानाने वर्तमानपत्रातला फोटो टेबलावर ठेवला. ढालीसह विजयी संघ! शेजारी बातमीही होती: कमरेला जॅकेट बांधण्याची ही नवी पद्धत आता मुलींमध्ये लोकप्रिय होईल, असं बातमीदाराने ठोकून दिलं होतं.

फिजिओबाईंनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला. लांब धरला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "सगळ्याजणी चुकीचं करताय."

"काय?"

"भुवया!" त्यांनी पेनाने फोटोतल्या कपाळांवर एकेक टिंब द्यायला सुरुवात केली. तोफ, शिडी, बुटकी, कोचबाई... रांगेच्या टोकाशी पेन थांबलं. "आणि हे कोण?"

"ते आमचे साहेब."

"यांच्या तर सगळ्यांपेक्षा वर गेल्यात. यांना कधीपासून होतंय?"

"नाही हो, ते..." तोफ म्हणायला गेली आणि थांबली. तिने बुटकीकडे पाहिलं. बुटकीने तिचं तोंड वाचलं. दोघींच्या डोळ्यांसमोर मीटिंगचं लांबलचक टेबल आलं, लगबगीने दाराकडे जाणारे साहेब आले आणि टेबलावर नुसताच पडून राहिलेला तो महत्त्वाचा फोन आला.

"पुरुषांनाही झोळी असते," फिजिओबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या."